निरोप कुणी न्यायचा

वैशाखातली गोष्ट. राहू गावच्या शिवारात हौसरावांच्या वस्तीवर चाळीत कांदा भरायचं काम चाललं होतं. मजूर सांगितले होते, पण लग्नाच्या तिथी दाट, मग कोण येतंय? घरचीच माणसं वाकली होती. हौसराव चाळीच्या तोंडाशी बसून सडका कांदा बाजूला काढत होते. थोरला सोपानराव आणि धाकटा सत्यजीत पाट्या वाहत होते. दोघांच्या बायका, अंकिता आणि प्रगती, पाट्या भरून देत होत्या. सासूचं, म्हणजे अनसाबाईचं काम एकच, सगळ्यांवर तोंड सोडायचं, आणि ते ती मन लावून करत होती.

मधेमधे लुडबुडायला माऊली होता. सोपानरावाचा एकुलता एक, यंदा पहिलीत जाणारा. पोरगं अंकिताचं, पण त्याचा ओढा सगळा काकीकडं. प्रगतीला मूलबाळ नव्हतं. त्याला भरवायचं, न्हाऊ घालायचं, त्याची नाटकं सोसायची, हे सगळं तिच्याकडं आपसूक आलं होतं, आणि तिला ते हवंच होतं. त्याला साधी शिंक आली तरी तिचा जीव खालीवर व्हायचा.

या पोरानं ताडपत्रीचा कोपरा उचलला आणि किंचाळला.

सोपानराव धावला. ताडपत्रीखालून एक तांबूस, बोटाएवढा विंचू नांगी वर करून निघाला होता. त्यानं तो तिथंच चपलेनं चिरडला. माऊली उजवं बोट धरून मातीत लोळत होता. त्या बोटावर टाचणी टोचावी तेवढा लाल ठिपका होता, बाकी काही नाही.

प्रगतीनं त्या चिरडलेल्या विंचवाचा रंग बघितला. लग्नाआधी ती पाटसला एका मेडिकलच्या दुकानात कामाला होती. ऊसतोडीची माणसं अशी पोरं घेऊन यायची, आणि दुकानाचे मालक एकच वाक्य सांगायचे. काळा विंचू नुसता रडवतो, तांबडा काळजाला हात घालतो. दुखणं थांबलं म्हणून माणसं घरी जातात, आणि तिकडं हृदय हळूहळू दमत असतं.

"गाडी काढा," ती ओरडली. "दवाखान्यात न्यायचं, आत्ताच्या आत्ता. थांबायचं न्हाई."

म्हणताना तिनं मनात भांडणाची तयारी केली होती. कारण या घरात पोराला ताप आला तरी आधी मीठमोहऱ्या आणि मग डॉक्टर. पण अनसाबाई लगेच म्हणाली, "न्या, न्या. बघताय काय एकमेकांच्या तोंडाकडं? सोपाना, गाडी काढ." मग थोड्या खालच्या आवाजात म्हणाली, "आन् प्रगती, तू तेवढा हरिबाला निरोप दे."

हरिबा म्हणजे भीमेपलीकडं, शिरूर तालुक्याच्या हद्दीत आडबाजूच्या वस्तीवर राहणारा म्हातारा. विंचू उतरवायचा. त्याची रीत अशी की ज्याला चावलंय त्याला न्यायची गरज नाही. घरातल्या कुणीतरी जाऊन निरोप द्यायचा, मग तो तिथं बसून उतरवतो आणि इकडं आराम पडतो. आजकाल लोक दोन्ही करतात. पेशंट दवाखान्यात आणि निरोप हरिबाकडं. न जाणो, कशानं गुण येईल!

"मी पोराबरुबर जाते की आत्या," प्रगती म्हणाली. "डॉक्टरला काय सांगायचं ते मला कळतंय. निरोपाला ह्यांना धाडा. बाहेर मोटरसायकल हायच."

"बाप्ये लागत्यात तिकडं उचलायला-धरायला. तोंडाला तोंड देऊ नगंस बाई, पोरगं तळमळतंय."

असं म्हणून अनसाबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. लग्न होऊन आल्यापासून या बाईनं तिच्यावरून कधी बोटं मोडली नव्हती. प्रगतीनं नवऱ्याकडं बघितलं. सत्यजीत केव्हाच गाडीत जाऊन बसला होता आणि समोरच्या काचेतून सरळ पुढं बघत होता. हौसराव कांदा निवडतच होते. आज घरातला एकही पुरुष तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

तिनं स्कूटी काढली. वाद घालण्यात वेळ जात होता, आणि वेळ माऊलीचा होता.

रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूला ऊस वाळून करकरत उभा होता. डांबराच्या वासानं तिचं डोकं भणभणायला लागलं. आणि डोक्यात एकच किडा वळवळत होता, मलाच का? सोपानरावांना जाऊ द्यायचं नाही, कबूल, ते बाप. पण धाकट्याचं तिथं काय अडलं होतं? आत्या एवढी गोड का बोलली? जिच्या तोंडी चहाच्या कपावरून 'आयतं बसून गिळतीस' असलं बोलणं, तिनं आज बोटं मोडली. वखारवाला लाकडावर हात फिरवतो, तसा तो हात होता. छे, आपलंच मन वाईट, असं म्हणून तिनं गाडी पुलावर घातली. भीमेत पाण्यापेक्षा जलपर्णीच जास्त होती.

पूल ओलांडला की डावीकडं वेडी बाभळ माजली होती. तिच्यामधून कच्चा रस्ता आत जात होता. गाडी बंद केल्यावर प्रगतीच्या लक्षात आलं की इथं कसलाच आवाज नाही. वस्ती म्हटली की कुत्रं भुंकतं, कोंबड्या कलकलतात. इथं पाचोळासुद्धा हलत नव्हता. ओल्या कडुलिंबाचा कडू वास येत होता, आणि त्याच्या खाली आणखी एक वास होता, घामानं भिजलेलं कापड बरेच दिवस गाठोड्यात राहिलं की येतो तसला.

दारात एक म्हातारी बसली होती. हरिबाची बायको, ताईबाई.

"निरोप हाय व्हय?" तिनं विचारलं. "चपला हितं काढ. आन् जाताना घालायच्या न्हाईत. तशीच अनवाणी जायचं, मागं बघायचं न्हाई."

"बरं."

"कुणाची गं तू?"

"राहूच्या हौसरावांची सून. धाकटी."

ताईबाईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "धाकटी... म्हंजी थोरलीच्या मागनं आता धाकटी."

"थोरली दवाखान्यात गेलीय पोराबरुबर."

"ती न्हवं गं..." म्हातारी म्हणाली आणि तिनं चपलांची जागा दाखवली.

प्रगती चपला काढायला वाकली, आणि तेव्हा तिला कुडाच्या कडेला लावलेल्या बाकीच्या चपला दिसल्या. पुष्कळ होत्या. उन्हानं कडक झालेल्या, काही मातीत अर्ध्या गेलेल्या, काहींवर जाळी धरलेली. सगळ्या बायकांच्या. ती बारकाईनं बघायला लागली. एकही पुरुषी पायताण त्यात नव्हतं. आणि त्यातल्या एका जोडाच्या डाव्या चपलेला खालून टायरचा तुकडा ठोकलेला होता.

ती चप्पल तिच्या ओळखीची होती.

सोपानरावाची पहिली बायको नकुशी. तिचा डावा पाय जरा आखूड होता. लंगडणं दिसू नये म्हणून ती त्या चपलेला टायरचा तुकडा ठोकून घ्यायची. प्रगती नवी नवरी म्हणून घरात आली तेव्हा नकुशीनंच तिला चूल दाखवली, शेत दाखवलं, सासूच्या शिव्या कोणत्या कानानं ऐकायच्या आणि कोणत्या कानानं सोडायच्या तेही शिकवलं. त्याच उन्हाळ्यात गोठ्यात हौसरावांना तांबडा विंचू चावला होता. त्या दिवशी नकुशी बाहेरून आली ती अनवाणी. प्रगतीनं विचारलं तर म्हणाली, "आत्यांनी सांगितलंय, बोलायचं न्हाई." संध्याकाळी तिला दरदरून घाम फुटला. दिवस उगवायच्या आत ती गेली. अटॅक, असं सगळे म्हणाले. एवढ्या तरण्या बाईला अटॅक? अहो, आजकाल कुणालाही येतो, असंही तेच म्हणाले. हौसराव मात्र खडखडीत बरे झाले आणि वर्षाच्या आत अंकिता घरात आली.

"आत ये पोरी," आतून आवाज आला.

हरिबा वाळूच्या एका ढिगासमोर बसला होता. हातात कडुलिंबाची डहाळी. प्रगतीला वाटलं होतं कुणीतरी जटावाला, लाल डोळ्यांचा असेल. हा तर बँकेच्या रांगेत दिसणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्यासारखा होता, स्वच्छ टोपी, चष्मा, बोलणं मऊ.

"कुणाला चावलं?"

"माऊली. सोपानरावांचा मुलगा."

"कुठं?"

"उजव्या बोटाला."

"बरं. निरोप कुणाच्या नावावर धरायचा? नाव सांग आन् मोकळी हो."

प्रगतीनं नाव सांगायच्या आधी विचारलं, "बाबा... नाव दिलं की काय होतं?"

म्हातारा वाळू सारखी करत राहिला. "पाणी उताराला जातं. मी फकस्त पाट काढून देतो."

"आन् ज्याचं नाव...?"

"मी कुणाला बोलवायला जात न्हाई पोरी. घरची माणसं इचार करून धाडत्यात. कोण धाडायचं, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं."

तेवढ्यात फोन वाजला. त्या शांततेत तो इतक्या जोरानं वाजला की ती दचकलीच. सत्यजीत होता.

"दिलास का गं निरोप? आम्ही चौफुल्याच्या दवाखान्यात हाय. पोरगं घामानं भिजलंय... हातपाय बर्फावाणी झालेत. त्याला श्वास घेता येईना. तोंडातनं गुलाबी फेस येतोय. डॉक्टरीण म्हणती हार्टवर आलंय, फुप्फुसात पाणी भरतंय. आई विचारतीय, नाव दिलंस का?"

"त्यांना प्रॅझोसिनचं विचारा आधी, विंचवावरची गोळी."

"दिलीय गोळी, सगळं दिलंय! तू नाव दिलंस का ते सांग."

मागून अंकिताचा हंबरडा ऐकू येत होता. प्रगतीनं डोळे मिटले. माऊलीच्या केसांचा वास, त्याचं मानेत तोंड खुपसून झोपणं. ते पोर तिच्याकडं जीव मागतंय असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर ती द्यायला तयार होती. नाव अगदी ओठावर आलं होतं. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय तिला राहवेना.

"अवो... नकुशीताईपण हितंच आल्या होत्या व्हय?"

पलीकडं अंकिताचा हंबरडा लांब गेला, तो फोन घेऊन बाहेर आला असावा.

"तुम्हाला ठावं होतं?"

"...आधी नाव दे तू. मग बोलू आपण घरी."

घरी! त्या एका शब्दानं तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मरायला तिची ना नव्हती. पण ती मरावी म्हणून घरानं बसून ठरवलं होतं, आणि हा माणूस, जिच्या ताटात जेवला, जिच्या उशाशी निजला, तो गाडीत बसून काचेतून बघत राहिला होता. माझ्या तोंडावर म्हणाला असता, 'प्रगती, पोरासाठी जा', तर मी गेले असते रे. गेले असते.

तिनं फोन ठेवला.

"सांग लवकर," हरिबा म्हणाला. "पोराकडं येळ न्हाई."

"सत्यजीत," ती म्हणाली. "हौसरावांचा धाकटा."

हरिबाचा हात थांबला. त्यानं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडं नीट बघितलं. "बाप्याचं नाव... कवा कुणी दिलं न्हाई हितं."

"चालत न्हाई का?"

"न चालायला काय झालं," म्हातारा हळूच म्हणाला, आणि त्यानं डहाळी वाळूवर आपटली.

परत येताना तिला काय काय दिसलं ते तिला नीट आठवत नाही. तळपायाला स्कूटीचा पत्रा भाजत होता. अर्ध्या वाटेवर राग उतरला आणि तिला रडू फुटलं. म्हणजे मीपण त्यांच्यातलीच की! त्यांनी मला निवडलं, मी त्याला. मग तिनं स्वतःलाच दटावलं. बाई, तू शिकलेली. वाळूवर डहाळी आपटून कुणी मेलंय का? नकुशीचं हृदय आधीच अधू असेल. चपला काय, कुणीही कुठंही विसरतं. हे तिनं चौफुल्यापर्यंत घोकलं.

आणि दवाखान्यात पाऊल टाकलं तर सगळं खरंच ठीक होतं. माऊली एसीच्या खोलीत पडला होता, नाकाला नळी, पण ओठांचा रंग परत आलेला. तिला बघून त्यानं बारीक आवाजात "काकी" म्हटलं. तिनं त्याच्या गालावर गाल टेकला आणि मनसोक्त रडली. डॉक्टरीणबाई खुशीत होत्या. "वेळेत आणलंत म्हणून. हृदयाचं पंपिंग फार खाली गेलं होतं, आता सुधारतंय. गोळी चांगली लागू पडली." नर्सला दाखवायला म्हणून त्यांनी पोराचं उजवं बोट उलटसुलट केलं. मग डावं केलं. "नक्की याच हाताला चावला होता ना?" त्यांनी विचारलं, कारण ठिपका कुठंच दिसत नव्हता.

सत्यजीत खिडकीपाशी उभा होता, ठणठणीत. प्रगतीनं मनातल्या मनात पांडुरंगाला हात जोडले.

अनसाबाईची नजर आधी तिच्या अनवाणी पायांवर गेली आणि मग चेहऱ्यावर. "बरी हायेस ना तू?" तिनं विचारलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "बरं वाटतंय ना तुला?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिच्या आवाजात काळजी नव्हती, कोडं पडल्यासारखं होतं. अंकिता बिचारी आपली पोराचे पाय चोळत बसली होती. तिला यातलं काही माहीत नसावं.

"एसी वाढवा जरा," सत्यजीत म्हणाला. "लई उकडतंय."

सोपानराव म्हणाला, "अरे, मला हितं हुडहुडी भरलीय."

सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. सत्यजीतचा शर्ट पाठीला चिकटला होता. कपाळावरून घामाच्या धारा नाकाच्या शेंड्यापर्यंत आल्या होत्या. तो भिंतीला धरून खाली बसला आणि म्हणाला, "पाय... पाय गार पडलेत माझे."

"डॉक्टर!" प्रगतीच ओरडली. पहिल्यांदा तीच ओरडली, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं.

त्याला शेजारच्या खाटेवर घेतलं. डॉक्टरीणबाईंनी छातीला वायरी लावल्या, कागद बघितला, पुन्हा बघितला. "यांना कुठं चावला विंचू?"

"मला? मला कुठं..." सत्यजीत धापा टाकत म्हणाला. नर्सनं सलाईनसाठी त्याचा उजवा हात सरळ केला, आणि त्या बोटावर टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका होता. "कांदे यांनीही उचलले असतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कळलं नसेल." पण त्यांचा आवाज काही खात्रीचा नव्हता.

सत्यजीतनं मान वळवली. "प्रगती," त्यानं विचारलं, "नाव कुणाचं...?"

तिनं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम टिपला. उत्तर द्यायची गरजच नव्हती. अनसाबाईनं तोंडावर पदर घेतला होता. क्षणभरच. मग ती अंकिताजवळ सरकली आणि तिच्या गालावरून हात फिरवून अगदी मायेनं म्हणाली, "अंकिता, बाळा, तू स्कूटी घिऊन जा. हरिबाला निरोप दे. पोराजवळ आम्ही हाय."

अंकिता भाबडेपणानं उठलीसुद्धा.

"बस खाली," प्रगती म्हणाली. "अंकिता कुठं जाणार न्हाई. आत्या, तुम्ही जा की. पोरगा तुमचा हाय. सोपानराव सोडतील गाडीनं."

सोपानराव एकदा आईकडं बघत होता, एकदा प्रगतीकडं, आणि मग बराच वेळ जमिनीकडं. त्याला काय आठवलं ते त्यालाच ठाऊक. अनसाबाई दारापर्यंत गेली. दारात तिच्या चपला होत्या. तिनं एक पाय चपलेत घातला. खाटेवर सत्यजीतनं डोळे उघडून "आई" म्हटलं.

अनसाबाईनं पाय चपलेतून काढला. ती परत आली आणि बाकड्यावर बसली.

"आता कुठं राहिलंय तसलं काही," ती पदरानं खाटेची दांडी पुसत म्हणाली. "सगळ्या जुन्या खुळचट समजुती. डॉक्टर हायेत की. औषधानंच गुण येतोय."

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. डॉक्टरीणबाईंनी त्याला तीच गोळी दिली, ऑक्सिजन लावला, आणि म्हणाल्या की आता वाट बघायची. सगळ्यांनी वाट बघितली. आणि मग, कुणी निरोप न्यायला गेलेलं नसताना, सत्यजीतचा श्वास संथ झाला. घाम आटला. नर्स म्हणाली, "हात गरम लागायला लागलेत यांचे." डॉक्टरीणबाई हसल्या. अंकितानं देवाला हात जोडले.

प्रगतीला मात्र आनंद होईना. गोळीनं उतरलं असेल. गोळीनंच उतरलं असणार. तरी तिची नजर आपोआप खोलीतल्या एकेकाच्या कपाळावर जायला लागली. सोपानरावाचं कोरडं होतं. अंकिताचं कोरडं होतं. माऊली शांत झोपला होता. नर्सचं, डॉक्टरीणबाईंचंही कोरडं. शेवटी तिनं सासूकडं बघितलं.

अनसाबाईचं कपाळ कोरडं ठणठणीत होतं, आणि ती एकटक प्रगतीच्या कपाळाकडं बघत होती.